कोरडा ठोका

ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी मिस्त्री घरी आला. दुपारी त्याला खाटेवर निजवून, पाठीला दोन उशा लावून बायको ओट्याकडे वळली, आणि तिला घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

घरातलं घड्याळ दोन वर्षांपासून पावणेसातवर उभं होतं. आसपासच्या सगळ्या विहिरींवरची इंजिनं चालती ठेवणाऱ्या माणसाच्या भिंतीवरचं घड्याळ बंद, हा गावात शिळा झालेला विनोद होता. तरी तिने आधी भिंतीकडेच पाहिलं. मग फडताळ उघडलं, दवाखान्यातून आणलेली पिशवी उपसली, पत्र्याच्या पेटीला कान लावून पाहिला. टक्, टक्, टक्. बारीक पण धारदार, काचेवर नख मारावं तसा आवाज. शोधत शोधत ती खाटेपाशी आली, वाकली आणि तशीच वाकून राहिली. आवाज नवऱ्याच्या सदऱ्यातून येत होता.

दवाखान्यात ती रोज त्याच्या उशाशीच होती. पण वॉर्डात दहा खाटा आणि वीस यंत्रं, त्या गलक्यात हा एवढा आवाज तिला वेगळा काढता आला नव्हता. इथे पत्र्याखालच्या शांत खोलीत त्याला लपायला जागा नव्हती.

"काय बघतेस?" मिस्त्रीने डोळे न उघडता विचारलं.

"तुमचा आवाज येतोय."

"मी कुठे बोललो?"

"तुमचा म्हणजे झडपेचा. छातीतल्या."

मिस्त्रीने मान तिरपी करून ऐकायचा प्रयत्न केला आणि नाद सोडून दिला. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनांशेजारी उभं राहून त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवा अर्धा. जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड धरून बोललं तर त्याला कळायचं. तिने जीभ टाळूवर आपटून तो आवाज काढून दाखवला.

"कोरडा आहे की ओला?"

"कोरडा. ठणठणीत."

"मग नीट बसलीय," तो म्हणाला आणि झोपी गेला.

कोरडा आणि ओला हे त्यांच्या धंद्यातले शब्द होते. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते. तिचं खरं नाव फूटव्हॉल्व्ह, पण गावात सगळे तिला फुटबॉल म्हणतात. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. झडप चोख बसत असेल तर पाइपाला कान लावल्यावर कोरडा 'टक्' ऐकू येतो. कडेला गाळ धरला की 'थप' असा ओला आवाज येतो, आणि मग कुणी कितीही शपथा घेऊन सांगो, झडप गळत असते. मिस्त्री विहिरीत उतरायचा आणि ती काठावर पाइपाला कान लावून बसायची. वरून घातलेली हाक त्याला ऐकू यायची नाही, म्हणून पान्याचे टोले ठरलेले होते. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चालू दे. खाली त्याचा पंजा पाइपावर असायचा आणि टोला त्याला तळहातातून ऐकू यायचा. लग्नाच्या एकवीस वर्षांतलं निम्मं बोलणं या दोघांनी पाइपातूनच केलं असेल, असं मिस्त्रीची थोरली बहीण म्हणायची.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला ढकलगाडीवरून आत नेताना तिच्या हातात घराची किल्ली होती. तिने गाडीच्या लोखंडी दांडीवर किल्लीने दोन टोले दिले. मिस्त्रीने दांडीवरचा पंजा जरासा उचलला, आणि दार मिटलं.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची झडप काढून तिच्या हातावर ठेवली होती. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी कडी, तिच्याभोवती शिवायला विणलेल्या कापडाची पट्टी, आणि आत दोन काळी अर्धगोल पानं. फुंकर मारली की पानं उघडायची, हात कलता केला की मिटायची. लहानपणी एकदा सांधे सुजून ताप आला होता, त्या तापाने त्याची मूळची झडप आखडून ठेवली होती. ती कापून तिच्या जागी ही बसवली, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी हृदय अठ्ठ्याण्णव मिनिटं बंद ठेवलं होतं. तेवढा वेळ रक्त एका यंत्राने फिरवलं.

"बंद म्हणजे अगदी बंद?" तिने विचारलं.

"अगदी बंद. मग पुन्हा गरम रक्त सोडलं, आणि ते आपलं आपण सुरू झालं."

इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायचं म्हणजे हँडल मारावं लागतं, घाम गाळावा लागतो, चार शिव्या द्याव्या लागतात. हे आपलं आपण सुरू झालं. हातातल्या झडपेवर मूठ मिटायचं तिला धाडस झालं नाही, तिने ती दोन्ही हातांनी परत केली.

घरी आल्यावर दिवसांना नवी शिस्त लागली. छातीचं हाड मधोमध उभं कापून तारेने शिवलं होतं, ते सांधायला तीन महिने. तोवर भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून धरायची. मिस्त्री उशी आवळून खोकायचा आणि खोकून झाल्यावर तिच्याकडे अशा नजरेने पाहायचा, की जणू कुणी त्याच्या कडेवर दुसऱ्याचं मूल देऊन निघून गेलं आहे. एका हाताने इंजिनाचं चाक फिरवणारा माणूस, पण अंघोळीला बायको लागायची. पाठ चोळताना ती त्याच्या खांद्यांवरून हात फिरवायची. मांस उतरून गेलं होतं, हाडं हाताला लागत होती. पुढून गळ्याच्या खळीपासून बेंबीच्या वर चार बोटांपर्यंत एक गुलाबी रेघ. त्या रेघेमागे टक्, टक्.

मदतीला म्हणून त्याची थोरली बहीण येऊन राहिली. तिची जीभ दुधारी होती, पण हात कामसू. पहिल्या दिवशी ती म्हणाली की छातीतला पाव्हणा बरा आहे, बोलतो सारखा पण मागत काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली की डोकं उठलं. तिसऱ्या दिवशी कानात कापूस घालून ती भाजी निवडायला बसली, आणि टोपलीभर पालक बघून मिस्त्रीच्या बायकोने तिला थांबवलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी बजावलं होतं की हिरव्या पाल्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर कमी होतो; खा, पण दर आठवड्याला सारखाच खा, आज डोंगर आणि उद्या उपास असं नको.

"म्हणजे आता भाजीसुद्धा मापात," बहीण म्हणाली. "आमचा बाप टोपली टोपली खायचा."

"वन्सं, त्यांच्या छातीत फुटबॉल नव्हता."

यावर दोघी हसल्या. त्यांना बघून हसू आलं म्हणून मिस्त्रीने उशी आवळली.

गोळ्यांसाठी त्याने स्वतःच शक्कल काढली. नटबोल्ट ठेवायचा पत्र्याचा ट्रे होता, सात खणांचा. तिने तो साबणाच्या उकळत्या पाण्याने तीनदा धुतला, तरी ग्रीसचा वास गेला नाही. एकेक खण एकेका वाराचा. सकाळची अंगातलं पाणी उतरवणारी पांढरी गोळी, ठोके ताब्यात ठेवणारी पिवळी, आणि संध्याकाळी बरोबर सहाला रक्त पातळ करणारी, फिकट गुलाबी, रोज एक, अख्खी. धातूच्या झडपेवर रक्त गोठायला बघतं, म्हणून ही गोळी जन्मभर. नर्सताई आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून एका छोट्या यंत्रात थेंब घालायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

"रक्त पातळ पाहिजे, पण फार पातळ नको," नर्सताई सांगायच्या.

मिस्त्रीने मान हलवली. हे त्याला लगेच कळलं. तेलाचंही तसंच असतं.

दोन महिन्यांत उन्हाळा चढला आणि विहिरींचं पाणी खाली गेलं. पाणी खाली गेलं की पाइप वाढवावे लागतात, फुटबॉल गाळात टेकतात, चामडी वायसर वाळून फाटतात. मिस्त्रीच्या दारात माणसं येऊ लागली. आधी तब्येत विचारायची, मग खाली बघून विहिरीचं सांगायची. मिस्त्रीला घरात बसवेना. तो नुसता बघायला जाईन म्हणाला, हात लावणार नाही म्हणाला.

लिंबाच्या बागेत पहिल्यांदा गेले, तेव्हा मिस्त्री पालथ्या बादलीवर छत्री धरून बसला आणि बायको विहिरीत उतरली. एकवीस वर्षांत ती कधी खाली उतरली नव्हती. पायऱ्या संपल्यावर लोखंडी शिडी, शिडी संपल्यावर गुडघाभर गाळ. बागेचे दोन गडी वरून पाइप ओढत होते. पाना तिच्या हातात होता, पण तो कसा धरायचा ते वरून मिस्त्री सांगत होता आणि त्याचा आवाज विहिरीत घुमून चार ठिकाणांहून येत होता. झडप सुटेना. दुसऱ्या झटक्याला तिची बोटं सोलली, तिसऱ्याला नट फिरला. तिने फुटबॉल उघडून आतला गाळ बोटाने खरवडला, नवं वायसर बसवलं आणि पाइपावर पान्याने दोन टोले दिले. वर मिस्त्रीचा पंजा पाइपावर होता.

बागवाला जुना ओळखीचा आणि थट्टेखोर. तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आता मुकादम झालात. बायको खाली आणि तुम्ही छत्रीत."

मिस्त्री हसला, पण त्याचे कान लाल झाले. परतताना कुंपणाच्या तारेला त्याचा हात घासला. बोटभर ओरखडा, एरवी त्याने पाहिलाही नसता. रक्त पाव तास थांबलं नाही. बायकोने पदर दाबून धरला, पदराचं टोक भिजलं. मिस्त्री त्या लाल टोकाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

त्याच आठवड्यात नर्सताईंचा आकडा आला तीन पूर्णांक चार. त्यांनी ठीक आहे म्हणून लिहिलं आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. मिस्त्रीने वाटेत तो आकडा दोनदा विचारून घेतला.

पंधरा दिवस झाले तेव्हा दोन विहिरींची कामं आली होती. मग पुढच्या सोमवारी जाऊ, असं तो म्हणाला. दाराशी माणसं उभी होती, तिनेही मान डोलावली. त्याबद्दल नंतर तिने स्वतःला फार दिवस माफ केलं नाही.

त्या रविवारची दुपार. पत्रा तापून कडकड वाजत होता. मिस्त्री जेवून आडवा झाला होता, बहीण दारात सूप घेऊन बसली होती, आणि मिस्त्रीची बायको जमिनीवर बसून जुन्या वायसरांना तेल चोळत होती. एकाएकी तिचा हात थांबला. काहीतरी कमी झालं होतं. आधी तिला वाटलं पंखा बंद पडला. पंखा फिरत होता.

ती उठून खाटेशी गेली. ठोका होता. पण काचेवरचं नख गेलं होतं. कापडात गुंडाळलेलं काहीतरी पडावं तसा आवाज येत होता. तिने श्वास धरून साठ मोजले. मधूनच एखादा ठोका जुन्यासारखा वाजायचा, आणि पुन्हा थप, थप. तिने कान त्या गुलाबी रेघेच्या शेजारी हलकेच टेकवला. मिस्त्री जागा झाला.

"वन्सं, इकडे या. ऐका."

बहिणीने कानातला कापूस काढला, ऐकलं आणि म्हणाली की तिला तर दोन दिवसांपासून बरं वाटतंय, पाव्हणा एकदाचा गप्प बसायला शिकला.

"दोन दिवस?"

"शुक्रवारपासून असेल. का गं?"

शुक्रवारी आणि शनिवारी मिस्त्रीची बायको सकाळपासून विहिरींवर होती. संध्याकाळी आल्यावर कानात इंजिन घुमत असायचं.

मिस्त्री उठून बसला. उठताना त्याला धाप लागली आणि ती लपवायला त्याने तोंड पुसल्यासारखं केलं. तेही तिने पाहिलं. काय झालं ते तिने त्याच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. तो शांतपणे म्हणाला की त्यात घाबरायचं काही नाही. नवं यंत्र आवाज करतंच, रुळलं की गप्प होतं. प्रत्येक इंजिनाचं असंच असतं.

धंद्याच्या बाबतीत ती त्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. क्षणभर तिलाही बरं वाटलं. मग ती खाटेच्या कडेला बसली, तोंडासमोर तोंड आणून.

"इंजिनाचं सोडा. विहिरीतला फुटबॉल कोरडा वाजत होता, तो ओला वाजायला लागला. मी वरून तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही खालून काय म्हणता?"

मिस्त्रीने नजर पंख्याकडे नेली.

"काय म्हणता?"

"गाळ," तो म्हणाला.

खोलीत फक्त थप, थप. मग मिस्त्री उठला, कोपऱ्यातल्या कामाच्या टेबलाशी गेला आणि वायसरांचा डबा घेऊन आला. झाकण उघडून त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला. पितळी वायसरांवर कागदाची पुडी होती. पुडीत अर्ध्या गोळ्या, फिकट गुलाबी, पत्रा कापायच्या कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या. तिने मोजल्या. एकोणीस.

गोळी तो रोज सहाला टेबलाशी उभा राहूनच घ्यायचा, पाण्याचा पेला ती तिथेच नेऊन द्यायची. पेला रिकामा झालेला ती बघायची. गोळी तिने कधी पाहिली नव्हती.

"उन्हात तेल आपोआप पातळ होतं," मिस्त्री म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "म्हणून आपण उन्हाळ्यात जाड तेल घालतो. त्या दिवशी तार लागली आणि रक्त थांबेना. आकडाही वरच्या टोकाला. म्हटलं, निम्मं काम ऊन करतंय, निम्मं गोळी करेल."

"मग या ठेवल्या कशाला?"

"चांगल्या वस्तू. टाकवेनात."

बहिणीने डोक्याला हात लावला आणि म्हणाली की हा लहानपणीही असाच होता, आंबट औषध गालात धरायचा आणि झाडाला घालायचा. पण म्हणता म्हणता ती बागवाल्याकडे गाडी मागायला निघाली, कानातला कापूस हातातच घेऊन.

बागवाल्याने लिंबांचे क्रेट उतरवून गाडी रिकामी केली आणि स्वतः चालवत नेली. त्याने वाटेत एकही विनोद केला नाही. गाडीच्या घरघरीत ठोका ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून मिस्त्रीच्या बायकोने तळहात त्याच्या छातीवर ठेवला, तो विहिरीत पाइपावर ठेवायचा तसा, आणि दीड तास उचलला नाही.

दवाखान्यात रविवारची तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्त घेतलं. आकडा आला एक पूर्णांक सहा. छातीवर जेल लावून तिने यंत्र फिरवलं, मग दुसऱ्या खोलीत एक्स-रेच्या यंत्राखाली निजवून पडद्यावर पाहिलं, आणि मिस्त्रीच्या बायकोला जड शिशाचा अंगरखा घालून आत बोलावलं.

करड्या धुक्यात एक छोटी कडी हलत होती आणि कडीत दोन काळ्या रेघा. एक रेघ फडफडत होती, उघड, मीट, उघड, मीट. दुसरी अर्ध्यावर उघडायची आणि थबकायची. जिवंत नवरा समोर पडलेला, डोळे उघडे, आणि त्याच्या आतलं दार तिला दिसत होतं. बाईने बघू नये असं काही आपण बघतो आहोत, असं तिला वाटलं, पण नजर काढता येईना. अख्ख्या माणसाचा भार त्या रेघेएवढ्या पानावर होता. ते पान दिवसातून लाखदा उघडत मिटत होतं, आणि कुणी त्याला कधी शाबास म्हटलं नव्हतं.

"पानाच्या बुडाशी गुठळी धरते आहे," डॉक्टरीण म्हणाली. "लहान आहे. तुम्हाला कळलं कसं?"

"आवाजावरून. ओला येत होता."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःची नळी मिस्त्रीच्या छातीला लावून ऐकलं, बाहेर जाऊन आणखी एका डॉक्टरला बोलावून आणलं आणि त्याला म्हणाली, "यांनी नुसत्या कानाने पकडलंय."

गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून अगदी हळू द्यायचं ठरलं, एक दिवस आणि एक रात्र. चार दिवसांनी आले असते तर छाती पुन्हा उघडावी लागली असती, डॉक्टरीण म्हणाली, किंवा तेवढाही वेळ मिळाला नसता. औषधातही धोका होता. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धं अंग जाऊ शकतं. सही करताना मिस्त्रीच्या बायकोने कागद दोनदा वाचला. गोळीचं खरं कारणही तिने सांगून टाकलं. तेलाचं, उन्हाचं, सगळं. तिला वाटलं होतं की हसतील. डॉक्टरीण हसली नाही.

"चूक आमच्याही शब्दाची आहे," ती मिस्त्रीच्या उजव्या कानाशी वाकून सावकाश म्हणाली. "आम्ही सगळे म्हणतो, रक्त पातळ करायची गोळी. रक्त पातळ होतच नाही, काका. होतं तसंच राहतं. गोठायला फक्त उशीर लावतं. आणि बाहेर कितीही ऊन असू दे, तुमच्या आतलं रक्त उन्हाळा-हिवाळा तेवढंच गरम असतं."

"तेवढंच?"

"तेवढंच. शरीर ते सांभाळतं."

मिस्त्री हे चघळत राहिला. वॉर्डकडे नेताना तो बायकोला म्हणाला, "पस्तीस वर्षांत असं इंजिन बघितलं नाही, जे उन्हात तापत नाही." त्याच्या आवाजात भीती नव्हती, दुसऱ्याची कारागिरी बघून वाटतं तसं काहीतरी होतं. दाराशी तिला थांबवलं. तिने कमरेची किल्ली काढली आणि खाटेच्या दांडीवर दोन टोले दिले.

सकाळी तिला आत सोडलं तेव्हा वॉर्डात फरशी पुसणं चाललं होतं, बादल्या वाजत होत्या, कुणाचं तरी यंत्र टुंटुं करत होतं. मिस्त्री झोपला होता. तिने त्याचे दोन्ही हात उचलून बघितले, झोपेतच त्याने दोन्हींनी तिची बोटं दाबली, सारख्याच जोराने. मग ती खुर्चीवर बसली आणि डोळे मिटले. आधी बादली बाजूला काढली, मग टुंटुं बाजूला काढलं, मग शेजारच्याचं घोरणं. सगळ्यांच्या खाली एक आवाज उरला. थप. थप. टक्. थप. टक्. टक्.

ती हलली नाही. जेवणाची गाडी येऊन गेली. उन्हाचा पट्टा खाटेच्या पायापासून चादरीवर चढला. दुपारनंतर तिने एकामागून एक दोनशे ठोके मोजले, आणि दोनशेच्या दोनशे कोरडे होते. तिने कुणालाही सांगितलं नाही. चार वाजता डॉक्टरीण यंत्र फिरवून म्हणाली की दोन्ही पानं पूर्ण उघडताहेत, तेव्हा तिने नुसती मान हलवली, कारण ती बातमी तिच्यासाठी जुनी झाली होती.

आठ दिवसांनी ते घरी आले. आकडा तीनवर होता. आता दर आठवड्याला बोट टोचायचं, विहीर असो की पूर. अर्ध्या गोळ्यांची पुडी नर्सताईंनी मागून घेतली आणि मिस्त्री ती देताना जरा घुटमळला.

संध्याकाळी सहाला बायकोने ट्रे पुढे केला. त्या वाराच्या खणातली गुलाबी गोळी त्याने जिभेवर ठेवली, तिला जीभ दाखवली, पाणी प्याला आणि पुन्हा जीभ दाखवली. बहीण म्हणाली, आता हे जन्मभर चालायचं का? चालायचं, तो म्हणाला. मग तो कामाच्या टेबलाकडे बोट करून म्हणाला, "तो लांब स्क्रू-ड्रायव्हर आण. लाकडी मुठीचा."

तिला आधी कळेना. इंजिनात कुठलं बेअरिंग वाजतं हे शोधायला तो त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. कान गेले तसा मूठ दातांत धरायला लागला. हाड खोटं बोलत नाही, असं म्हणायचा.

तिने स्क्रू-ड्रायव्हर पुसला, टोकाला कापसाचा बोळा बांधला. एवढासा ओरखडाही आता परवडणार नव्हता. मिस्त्रीने सदऱ्याची दोन बटणं काढली, टोक गळ्याजवळच्या आडव्या हाडावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. बहिणीने सूप खाली ठेवलं. बायकोने उठून पंखा बंद केला.

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग भुवया जवळ आल्या, अवघड इंजिनापाशी यायच्या तशा. मग त्या सावकाश सुटल्या. डोळे उघडेच होते, पण समोरचं काही बघत नव्हते. तिला टक् ऐकू यायचा आणि त्याच क्षणी त्याच्या पापण्या किंचित हलायच्या. अठ्ठ्याण्णव मिनिटं थांबून आपलं आपण सुरू झालेलं ते यंत्र तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि त्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. मुठीवरून लाळेचा एक थेंब ओघळला, तो त्याने पुसला नाही.

"कोरडा आहे का?" तिने विचारलं.

दातांत मूठ होती, बोलता येत नव्हतं. आणि तिचा प्रश्न त्याला ऐकू गेला असेल असंही नाही. मिस्त्रीने मोकळा हात खाली नेला, खाटेची लोखंडी दांडी चाचपली आणि बोटाच्या पेराने तिच्यावर दोन टोले दिले.